दारातली चप्पल

हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढंही नाही — त्याला माहीतच असणार म्हणून टाळलं. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढंच बरं आहे.

मोहाडीत तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, ऑनलाइन फॉर्म — दिवसभर हेच. दुपारी गर्दी ओसरली की मी मोबाईलवर कादंबरी लिहायचे. शलाका या खोट्या नावानं. गोष्टींचं एक ॲप आहे, त्यावर दर आठवड्याला एक भाग टाकायचा. कसली कादंबरी? — आता लपवून काय करू. चावट. नायिका इरा, नवऱ्याच्या छळातून सुटून पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी. तिच्यावर जीव टाकणारे तिघं — एक डॉक्टर, एक फोटोग्राफर, एक पोलीस इन्स्पेक्टर. पुण्याला मी एकदाच गेले आहे, तेही कोणाच्या तरी लग्नाला. पण कोणाचे ओठ कुठं टेकले हे लिहायला पुणं कशाला लागतं? समोर एखादे बाबाजी रेशनकार्ड घेऊन उभे असायचे आणि मी इराच्या ब्लाउजच्या नाडीशी अडलेली असायचे. हसा, मीही हसतच होते.

ते तिघं पुरुष माझ्या मनातले. इरा मात्र माझ्या मनातली नव्हती. इरा म्हणजे वंदू.

वंदू माझी माहेरची, आंधळगावची मैत्रीण, पहिलीपासूनची. तिच्या पहिल्या नवऱ्यानं तिला चार दिवस धानाच्या पोत्यांच्या खोलीत कोंडलं होतं, बाहेरून कडी लावून. माहेरी परत आली ती पुन्हा बंद दारामागं बसूच शकली नाही. कुठंही गेली की एक चप्पल काढून दाराच्या फटीत ठेवते, दार लागू नये म्हणून. आंघोळीला बसली की तिची आई दारात लुगडं धरून उभी राहते. गाव तिला येडी म्हणतं. चार दिवस त्या खोलीत काय झालं, ते तिनं तलावाच्या पाळीवर बसून फक्त मला सांगितलं. माझ्या लेकराची शपथ घालून.

आणि मी ते इराला देऊन टाकलं. खोली, कडी, अंधारात धानाचा कोंदट वास — सगळं. चप्पलसुद्धा. गोष्ट पुण्याची, नाव इरा, बोली पुस्तकी; कोणाला कळतंय, असं वाटलं. खरं सांगू? असं काही वाटण्याइतका विचारही केला नव्हता. त्या भागाला वाचकांनी डोक्यावर घेतलं, आणि मला फार आनंद झाला.

मग आला रोवणा, धानाच्या लावणीचा हंगाम. भावाच्या शेतात बाया कमी पडल्या म्हणून मी दोन दिवस माहेरी गेले. वंदूही होती. रोवणाऱ्या बाया ओळीनं वाकून मागं मागं सरकतात. हात चिखलात, तोंड मोकळं. आधी गाणी म्हणायच्या. आता एकीच्या गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत मोबाईल लटकतो आणि अख्खी ओळ गोष्ट ऐकते. ॲपवाल्यांनी माझी कादंबरी आवाजात काढली होती, हे मला ठाऊक होतं. ती आमच्या शेताच्या बांधीत वाजेल, हे कसं ठाऊक असणार?

बाया खिदळत होत्या. सरुकाकू म्हणाली, "त्या डाक्टरले सोड म्हणा पोरी, पोलिसवाला बरा हाय. आवाज वाढव न वो." मलाही हसू फुटत होतं. आणि मोबाईलमधली ती गोड आवाजाची बाई म्हणाली — इरानं आपली चप्पल काढून दाराच्या फटीत सरकवली.

वंदूचे हात थांबले. ओळ मागं सरकली, ती तिथंच उभी राहिली, हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची पेंढी. वाटलं, आता ही माझ्याकडं बघेल आणि संपलं सगळं. तिनं बघितलंच. पण तिचा चेहरा — तो असा उजळलेला मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ऐकलं का वो? माझ्यासारखी आणखी कोणी हाय."

तिला माझा संशयही आला नाही. मी असं करेन, हे तिच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "हो न."

तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही का?

दहा-बारा दिवसांनी ॲपवर शलाकाला निरोप आला. ताई, तुमच्यासंग पण असंच झालं काय? मले वाटे मी एकटीच हाय. नाव वंदूचंच. मी दुकानात बसले होते, एका बाईचा फॉर्म अर्धा भरून ठेवला आणि उत्तर लिहिलं — हो, माझ्यासोबतही असंच झालं. का लिहिलं? दया आली म्हणून? की कोणी आपल्याला इतकं मानतं याची चटक लागली म्हणून? चटकच असावी. त्यानंतर ती शलाकाला सगळं विचारू लागली, आणि मी शलाका होऊन शहाणपण वाटू लागले.

हिवाळ्यात तिला दिघोरीचं स्थळ आलं. बायको वारलेला, धानाचा छोटा व्यापारी, स्वभावानं गरीब. तिनं मला भेटून काही विचारलं नाही. शलाकाला विचारलं — दाराचं त्याले सांगू काय?

इराच्या गोष्टीत इन्स्पेक्टर न सांगताच सगळं ओळखतो. तोच भाग तेव्हा सगळ्यात जास्त वाचला जात होता. तर मी लिहिलं — सांगू नकोस. खऱ्या प्रेमाचा माणूस आपोआप ओळखतो. चप्पल बाहेरच ठेव, दार लागू दे, एकदाच सोस. मग भीती जाते. माझी गेली.

माझी गेली, असं लिहिलं मी. माझी कुठली भीती? माझ्या आयुष्यात कोणी मला न्हाणीतसुद्धा कोंडलेलं नाही.

लग्नात मी नाचले. आठव्या दिवशी वंदूच्या आईचा फोन आला, धावत आंधळगावला गेले. वंदू ओसरीत बसली होती, बोटांना चिंध्या बांधलेल्या. सासरचं बंद दार नखांनी ओरबाडलं होतं तिनं. कडी आतूनच होती, हाताशी होती, पण तिला ती दिसलीच नाही. तिकडं बायांनी अंगात भूत आहे म्हणून लिंबू उतरवले. नवराच तिला घेऊन आला होता. मला वाटलं, भांडायला आला असेल. तो खाटेवर मान खाली घालून बसला होता, आणि तिच्या आईला एवढंच म्हणाला, "आई, दरवाजा उघडा ठेवाचा होता तं सांगाचं होतं न. ठेवला असता मी. त्यात काय हाय?"

ठेवला असता. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य तिच्या ओठांवर होतं आणि मी ते गिळायला लावलं.

तो तिला माहेरीच ठेवून परत गेला, दिघोरीतल्या चार लोकांच्या बोलण्यापुढं त्याचंही काही चाललं नाही. वंदू माझा हात धरून म्हणाली, "त्या ताईले जमलं, मले नाही जमलं. माझ्यातच खोट हाय वो." मी तिच्या शेजारी बसले होते. तिच्या बोटांवरची चिंधी सुटली होती, ती मी पुन्हा बांधली.

घरी येऊन कादंबरी काढून टाकली. शलाकाचं खातंही. वाटलं, निदान हे तरी संपेल.

मागच्या सोमवारी वंदू दुकानात आली. चप्पल दारात ठेवली, स्टुलावर बसली. शलाकाताई कुठं दिसत नाही म्हणाली. गोष्ट गेली, निरोप जात नाही. "तिले काही झालं तं नसन न? तिच्या नवऱ्यानं पुन्हा कोंडली तं नसन? तू काम्पुटरवाली हायस, जरा पाहून दे न."

मी तिच्यासमोर कीबोर्डवर बोटं चालवली. बराच वेळ चालवली. मग म्हणाले, "नाही सापडत वो."

ती म्हणाली, "उद्या पुन्हा पाहशीन," आणि दारातली चप्पल पायात घालून गेली.