तापल्या साच्यावरचं फडकं

आमी दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते बोंबील सुकत घालायचं. सातपाटीच्या घरामागं, जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकत होतो. माझी बायको यमुना म्हणाली, "आवो, हात चालवा, तोंड नको." मग जरा पडते म्हणून आत गेली... मी चहा घेऊन गेलो, तर उठलीच नाय. महिना झाला त्याला.

तरणे होतो तेव्हा आमी दोघं बोईसरला रबराच्या कारखान्यात होतो. मशिनींचे रोलर बनवायचो. आधी ते काळ्या रबराचे असायचे, लवकर झिजायचे. मग हे पॉलियुरेथेन आलं. आमी पीयू म्हणायचो. ड्रममधला मधासारखा रस तापवायचा, दुसरं औषध मापानं घालायचं, घट्ट व्हायच्या आत तापल्या साच्यात ओतायचं, भट्टीत ठेवायचं. औषध-माप बदललं की कानाच्या पाळीसारखं मऊ, नायतर बैलाच्या खुरासारखं कडक. झिजत नाय, फाटत नाय, तेलाला भीत नाय. पण पातळ असताना जराशी ओल लागली की आत फुगेच फुगे.

यमुना साचे पुसायची, मी ओतायचो. एकदा मोठा रोलर घावनासारखा जाळीदार निघाला. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "ओल्या फडक्यानं पुसलास ना साचा?"

"फडकं कोरडं व्हतं," ती म्हणाली. "आन् ओलं असतं तरी तापल्या तव्यावर पाणी ऱ्हातंय काय?"

लोक हसले. माझं डोकं आणखीच फिरलं. तिनं फडकं माझ्या हातात दिलं आणि परत कामाला आली नाय. बोईसरच्या बाजारात मासे विकायला बसली.

आठवड्यात पुन्हा तशीच जाळी. आता तर यमुना नव्हती. कारखान्याच्या केमिस्टनं रसाचा ड्रम बघितला. पावसाळी हवेत झाकण उघडं राहिलेलं. ठेवणारा मीच. तो बोलला नाय, मीबी नाय. घरी तर नायच.

पुढं जन्मभर भाकरी फुगली की ती म्हणायची, "घ्या, तुमचा रोलर!" मी हसून खायचो. सांगायचं रोज मनात यायचं, रोज गिळायचो... लाज वाटायची, दुसरं काय.

तिला पोचवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घातल्या. भाऊ म्हणाला, "सुतक हाय, कुठं निघालास?" तसाच निघालो. बोईसरला कारखान्यात गेलो. तेव्हा हसलेल्यांतला एक पोरगा आता सुपरवायझर हाय. म्हणाला, "चाचा, आज कैसे?"

म्हटलं, सगळ्यांना बोलव. आले तसं मोठ्यानं सांगितलं, "झाकण मी उघडं टाकलेलं. यमुनाचं फडकं कोरडं होतं."