मामी, विहीणबाई आणि येसर

उभ्या बीड जिल्ह्यात एकाच व्यक्तीला हताश होणं म्हणजे काय हे अजून कळलेलं नाही, आणि ती म्हणजे चौसाळ्याची माझी धाकटी मामी. लग्नसराई संपो, वीज जावो, बाजार ओस पडो, मामीचं म्हणणं एकच, "गिऱ्हाईक निघालंय घरून. वाटेत हाय." हे गिऱ्हाईक कधीकधी आठवडाभर वाटेतच असतं, पण त्याच्यासाठी मामी सकाळी कपाळाला विभूती लावून, पदर खोचून शटर वर करते. मालच नसला तरी कांडपाचं यंत्र थोडा वेळ रिकामं फिरवते, कारण यंत्र गप झालं की लोकांना बाई थकली असं वाटतं म्हणे. दुपारपर्यंत कुणी फिरकलंच नाही तर ती मामांना मागच्या दाराने बाहेर काढते आणि पुढच्या दाराने गिऱ्हाईक म्हणून आत बोलावते. बोलायची सवय मोडू नये म्हणून. मामा निवृत्त मास्तर, मुळात अबोल. एकदा मात्र त्यांनी भूमिका मनावर घेतली. भावात घासाघीस केली आणि वर "समोर यापेक्षा बरं मिळतं" असं म्हणून बसले. मामीने त्यांना खरोखर दुकानातून घालवून दिलं. त्या दिवशीचा चहा मामांनी एसटी स्टँडवर घेतला.

दुकान येसरचं. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत जी दाट, झणझणीत आमटी असते, ती ज्या भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाने होते, ते येसर. मामीला ते कांडता येतं, विकता येतं, रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला थांबवून त्याचा वास घ्यायला लावता येतं. भाजता मात्र येत नाही. तिचा हात घाईचा. भाजायचा हात तिच्या विहीणबाईंचा, म्हणजे माझ्या मामेबहिणीच्या सासूबाईंचा. त्या बीडच्या वाटेवरच्या पाली गावच्या. डोहाळजेवणाला मामीने त्यांच्या हातची आमटी खाल्ली आणि आचवायच्या आधीच भागीदारी मागितली. आता लेकीच्या सासूबरोबर निम्म्या-निम्म्या हिश्श्याने धंदा करायचा हे आमच्या सगळ्या नात्यागोत्यात कुणी ऐकलं नव्हतं. विहिणीचा मान राखायचा असतो, तिच्या चुका काढायच्या नसतात. मामीने त्यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. शटरच्या आत पार्टनर, शटरच्या बाहेर विहीण. आत "धने करपले, हे मी खपवून घ्यायची न्हाई" असं ठणकावून सांगणारी मामी, दारात येताच त्यांच्या पायाला हात लावायची आणि म्हणायची, "सांभाळून जावा. काई चुकलं-माकलं तर पदरात घ्या." विहीणबाईही काही कमी नव्हत्या. आत ऐकून घ्यायच्या आणि बाहेर निवांत पाया पडून घ्यायच्या.

असं सगळं छान चाललं असताना जावयांची नोकरी सुटली. ते पालीला घरी बसले. एका दुपारी विहीणबाई कढईत उलथनं फिरवता फिरवता म्हणाल्या, "आता आमच्या पोराला बसवू गल्ल्यावर. घरचाच हाय."

"घरचा हाय म्हणूनच नगं," मामी म्हणाली. "गिऱ्हाईकाला मी बोलू शकते, तुमालाबी बोलू शकते. जावयाला कसं बोलू? उद्या उशिरा आले तर मी त्यांना रागवू का ओवाळू?"

इथे थांबली असती तर ठीक होतं. पण थांबणं मामीच्या स्वभावात नाही. मिरच्यांची देठं खुडायला आलेल्या बायकांसमोर ती पुढे बोलून गेली, "आन् घरी बसणाऱ्यानं दुकानात बसून काय फरक पडणार हाय?" विहीणबाईंनी उलथनं खाली ठेवलं, हात पुसले आणि कुणी पोचवायला यायच्या आत एकट्याच एसटीला निघून गेल्या.

पुढे कितीतरी दिवस त्या आल्या नाहीत. मामीने पदर खोचून स्वतः भाजायला घेतलं. एका आचाऱ्याने पोतं परत आणून टाकलं आणि म्हणाला, "मामी, ह्यानं पंगत पानावरून उठंल." मामी म्हणाली, "चव नवी हाय, सवय होईल." हे तिने इतक्या ठामपणे सांगितलं, की आचारी पुन्हा चाखून बघायला लागला. मग लेकीचा फोन आला. "आई, घरात कुणी भांडत न्हाई, तेच वाईट हाय. सासूबाई 'जेवलीस का' इचारतात आन् उठून जातात." फोन ठेवल्यावर मामीने यंत्र लावलंच नाही. मामांनी आपण होऊन विचारलं, "गिऱ्हाईक होऊन येऊ का?" ती नको म्हणाली. तेव्हा मामा घाबरले आणि त्यांनी मला बीडला फोन केला, "तुझी मामी गप हाय. गाडी घेऊन ये."

मामीला घेऊन पालीला पोचलो तेव्हा विहीणबाई ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. "या" म्हणाल्या, मान वर न करता. मामी उभ्यानेच बोलायला लागली. "मी बोलले ते चुकलं. बायांसमोर बोलले ते तर लई चुकलं. पण गल्ल्याचं म्हणले, त्यात बदल न्हाई."

आतल्या दाराशी माझी बहीण उभी होती, तिचा चेहरा पडला. विहीणबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "मंजी माफी मागायला आलात का भांडायला?"

"दोन्ही. एकेक करून घेऊ."

तेवढ्यात जावई पाण्याचे पेले घेऊन बाहेर आले. "मला त्या दुकानात बसायचंच न्हाई," ते म्हणाले. "मिरचीच्या धुराळ्यानं मला शिंका येतात. मागं एकदा आलतो, तर घरापर्यंत शिंकतच गेलतो. मला आपल्या माळावर सीताफळं लावायचीत."

"मग इतके दिवस बोलला कावून न्हाईस?" विहीणबाई ओरडल्या.

"इचारलं कुणी?"

आधी माझी बहीण हसली, तोंडाला पदर लावून. मग तोच पदर तिने डोळ्यांना लावला. दोघी आया तिच्याकडे बघत राहिल्या. विहीणबाई सूप पुन्हा पुढे ओढत म्हणाल्या, "मला काय बोलायचं ते एकटीला बोलत जावा. चौघीत नगं."

"न्हाई बोलणार."

"आन् धने कोण भाजतंय सध्या?"

"मीच."

"तरीच. वास इथवर येतोय."

दुसऱ्या दिवशी विहीणबाई पहिल्या गाडीने चौसाळ्याला आल्या. त्यानंतर त्यांची भांडणं कमी झाली असं नाही, पण मामी आधी बायांना चहाला पिटाळते आणि मग तोंड उघडते. माल आता बीडच्या दुकानांतूनही जातो. माळावर सीताफळं धरलीत.

हल्ली विहीणबाईंच्या गुडघ्यांना एसटीची पायरी चढवत नाही. त्यामुळे मामीच भाजायचं सामान घेऊन पालीला जाते. परवा बीडला परतताना मीही तिथे डोकावलो. चूल थंड होती. धन्याचं पोतं बांधलेलंच होतं. विहीणबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या, आणि मामी त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत होती.

"आज भाजणी न्हाई?" मी विचारलं.

"न्हाई. सकाळधरनं दोघी नुसत्या बसून हाव."

"आणि दुकान?"

"असू दे," ती इतक्या हळू म्हणाली, की मामीचा आवाज एवढा लहान होऊ शकतो हे मला ठाऊकच नव्हतं. मग तिने पायाने पाट माझ्याकडे सरकवला. "तू बी बस जरा. गडबड काय हाय?"