दूध माहंच पाजाचं?

वाशीमच्या सरकारी दवाखान्यात मी तपासणीला गेले, तेव्हा मेडशीकडची एक बाई माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली. तिलाही आठवा महिना होता. पोटावर हात ठेवायला जायची आणि मध्येच हात मागे घेऊन पदर चोळत राहायची. तिच्या रक्तात काविळीचा विषाणू, हिपॅटायटिस बी, सापडला होता.

"डोये पिवये नाही झाले, भूक लागते, झोप येते. मंग बिमारी कोनाले हाय?" तिनं मला विचारलं. सासूनं गळ्यात काविळीची माळ घातली होती. ती काढावी की राहू द्यावी, तेही तिला कळत नव्हतं.

इतक्यात नर्सबाई आल्या. "हात लावल्यानं, सोबत जेवल्यानं हे लागत नाही. गोळी रोज घ्यायची. बाळंतपण दवाखान्यातच करायचं. तुमच्यापासून बाळाला लागू नये म्हणून जन्मल्याबरोबर त्याला लस आणि एक वेगळं इंजेक्शन देऊ. दूध खुशाल पाजा."

ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "म्हंजे त्याले माह्यापासूनच वाचवाचं, अन् दूध माहंच पाजाचं?"



पुढे बाळंतिणींच्या वॉर्डात तिची खाट माझ्यासमोरच आली. तिला मुलगी झाली होती. लेकीच्या दोन्ही मांड्यांवर इंजेक्शनच्या जागी कापूस होता.

"पाजू ना?" तिनं विचारलं.

नर्सबाई हो म्हणाल्या. तरी तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवेपर्यंत लेक पदराआड प्यायला लागली होती.