मेल्यानंतर लढवलेला खटला

परदेशात, तोआ पायोह भागातल्या एका ऑफिसात मी जुन्या अमेरिकन वकिलांची छोटी चरित्रं लिहायचो, कायद्याच्या एका कोशाच्या तिसऱ्या खंडासाठी. त्यातल्या एकाची कारकीर्द मला फार आवडली होती. आधी गावात वकिली, मग राज्याच्या कायदेमंडळात निवड, तिथे गुलामगिरीविरुद्ध खणखणीत भाषण. आणि उतारवयात हाच गृहस्थ गुलामांच्या मालकाचं वकीलपत्र घेतो. मला शहाणपण सुचलं. वयाबरोबर माणसाची तत्त्वंही थकतात, असं एक वाक्य मी वर ठोकून दिलं. आमच्या चिनी मॅनेजर बाईंना ते भलतंच आवडलं.

मजकूर छपाईला जायच्या आदल्या दिवशी तळटिपा तपासताना त्याच्या मृत्यूची नोंद दिसली. गुलामांच्या मालकाचा खटला त्यानंतर सहा वर्षांनी उभा राहिला होता. मी सगळ्या नोंदी पुन्हा चाळल्या. वकील दोन होते, बाप आणि मुलगा, नाव दोघांचं एकच. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. पण धडधाकट बाप स्वतःचंच नाव पोराला देईल, हे माझ्या मराठी डोक्यात आलंच नव्हतं. गुलामगिरीविरुद्ध बोललेल्या माणसाच्या कपाळी मी मुलाची करणी चिकटवली होती.

माझ्या एम्प्लॉयमेंट पासची, म्हणजे इथे राहून नोकरी करायच्या परवान्याची, मुदत संपत आली होती आणि नूतनीकरणाचा अर्ज बाईंच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. पासिर रिसला घरी पोचेपर्यंत एमआरटी मेट्रोत मी एकच हिशेब करत होतो. पास गेला तर मुलीची शाळा अर्ध्यावर सोडून परत जायचं.

"आधी पास होऊ दे," बायको म्हणाली. "तो मेलेला माणूस काही तक्रार करायला येत नाही."

मला ते पटलं. पटलं म्हणून स्वतःचीच जास्त भीती वाटली.

सकाळी धीर करून बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मजकूर शांतपणे वाचला, ते लाडकं वाक्य खोडलं आणि दोन वेगळी चरित्रं लिहायला सांगितली. वेळेत बोललास ते बरं केलंस, म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. मी दारापर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं,

"आधीच्या दोन खंडांत असे बापलेक किती आहेत?"

ती चरित्रंही मीच लिहिली होती. मी कधी शोधलंच नव्हतं, आणि ते खंड केव्हाच वाचनालयांत पोचले होते.