सातशे ग्रॅम आणि वरचं

सुदाम गायकवाडची पांढरी गाडी दुपारी चार वाजता माझ्या गॅरेजच्या दारात परत येऊन उभी राहिली. सकाळी अकराला मीच तिला ‘आता दोन वर्षं बघायचं काम नाही’ असं सांगून सोडलं होतं. सुदाम खाली उतरला. शर्ट पाठीला चिकटलेला. एसीच्या गाडीतून उतरलेल्या माणसाची पाठ अशी नसते, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

“मिस्त्री, नुसता वारा येतोय,” तो म्हणाला. “आन् तो बी गरम.”

शिरूरला पुणे-नगर रस्त्यावर माझं गाड्यांच्या एसीचं गॅरेज होतं. बोर्डावर ‘एसी स्पेशालिस्ट’ असं मी स्वतःच लिहून घेतलं होतं. स्पेशालिस्ट व्हायला आमच्यात परीक्षा लागत नाही, पेंटर लागतो. त्याआधी आठ वर्षं मी दौंडजवळ एका दुधाच्या चिलिंग प्लांटवर होतो. दूध गार करणं आणि माणसं गार करणं यात फारसा फरक नाही, असं माझं मत होतं. ते मी गिऱ्हाइकांनाही ऐकवायचो.

सुदाम निमोण्याचा. एका कारखान्यावर वॉचमन होता. महिन्याभरापूर्वी नोकरी सोडून त्याने ही सेकंडहँड गाडी घेतली होती. रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीला पुण्याहून इंजिनियर आणायला-पोचवायला वर्षभरासाठी गाडी हवी होती. अट एकच, एसी चांगला पाहिजे. तिथले ट्रान्सपोर्ट ऑफिसर देसाई साहेब गाडी कागदावर पास करत नसत. स्वतः मागच्या सीटवर बसून भर उन्हात शिक्रापूरच्या चौकापर्यंत जाऊन यायचे. सुदामच्या गाडीची तपासणी दुसऱ्या दिवशी बारा वाजता होती. एप्रिल महिना होता. ही ड्यूटी मिळाली तर ठीक, नाही तर वॉचमनच्या खुर्चीत आता दुसरा माणूस बसला होता.

सकाळी तो आला तेव्हा मी सगळं पद्धतशीर केलं होतं, हे मला सांगितलंच पाहिजे. पुढे अभिमानाने सांगण्यासारखं फारसं नाही.

“गॅस संपलाय जनू,” तो म्हणाला होता. त्यावर मी त्याला माझं नेहमीचं भाषण दिलं. एसीतला गॅस म्हणजे डिझेल नव्हे. तो जळत नाही, खर्च होत नाही, त्याच त्याच नळ्यांतून फिरत राहतो. कंप्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो तापतो. रेडिएटरच्या पुढे एक जाळी असते, तिला कंडेन्सर म्हणतात. तिथे तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो आणि पातळ होतो. मग डॅशबोर्डच्या आतल्या कॉइलमध्ये जाऊन तो पुन्हा वाफ होतो आणि होताना गाडीतली उष्णता ओढून घेतो. गॅस कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी गळला. आधी गळती शोधायची, मग भरायचं. नुसता भरून देतो तो मिस्त्री नव्हे.

सुदामने मान डोलवली. मी साबणाचा फेस करून जॉइंटना लावला. एका पाइपच्या तोंडाशी बुडबुडे आले. आतली रबरी रिंग चिरली होती. नवी घातली, व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढली, आणि गॅस भरायला घेतला. पाइपवर एक छोटी काच असते. त्यात बुडबुडे दिसतात तोवर गॅस कमी, ते गेले की पुरे. बुडबुडे गेले. गार हवा सुरू झाली. इथे मी थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आमच्याकडे दूधवाला लिटरचं माप ओतून झाल्यावर किटलीतून वर एक धार सोडतो. तिला ‘वरचं’ म्हणतात. ते न देणारा दूधवाला महिन्याभरात बदलला जातो. मी सिलेंडर बंद करायला हात घातला तेव्हा सुदाम हळूच म्हणाला, “मिस्त्री, वरचं?”

नाही म्हणायचं माझ्या मनातही आलं नाही. चिलिंग प्लांटच्या मशीनला गॅस साठवायला मोठी टाकी असायची. किलोभर जास्त गेला तरी तो बिचारा टाकीत पडून राहायचा. मी व्हॉल्व्ह पुन्हा उघडला आणि चांगलं सढळ हाताने वरचं दिलं. उद्या तपासणी आहे, माणूस गरजू आहे, असा विचार करून आणखी थोडं. गाडीच्या पुढे माझा मोठा पेडेस्टल फॅन फुल्ल स्पीडवर होता. त्या वाऱ्यात आत बर्फासारखी गार हवा येत होती. आम्ही दोघेही खूश होतो.

आता चार वाजता तीच गाडी पुढे उभी होती. चालत्या गाडीत बरं होतं, पण कोरेगाव भीमाला ट्रकांच्या रांगेत अडकल्यावर गार हवा गेली, असं सुदामने सांगितलं. मी बॉनेट उघडून कान दिला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. कंप्रेसरच्या तोंडाशी क्लच असतो. एसी चालू झाला की तो टक् करून चिकटतो, बंद झाला की सुटतो. इथे तो चिकटत होता आणि लगेच सुटत होता. गॅस कमी पडला की असंच होतं.

“परत गळाला,” मी म्हणालो.

“सकाळी रिंग बदलली की.”

“दुसरीकडून गळला असंल.”

फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही. तरी मी आणखी गॅस भरला. नुसता भरून देतो तो मिस्त्री नव्हे, हे मी सकाळीच सांगितलं होतं. सुदामने ते ऐकलं होतं, पण माणूस भला. गॅस भरल्यावर टक्-टक् जास्तच जोरात सुरू झाली.

मग मी गेज लावलं. खरं तर ते आधी लावायचं असतं. त्याला दोन काटे असतात, एक कमी दाबाचा, एक जास्त दाबाचा. जास्त दाबाचा काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला. मी काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. “गेज खराब झालंय,” मी म्हणालो. दुसरं गेज आणून लावलं. त्याचाही काटा लाल पट्ट्यात. दोन गेजं एकदम खराब होतात हे सुदामला पटलं नसावं. मला पटलं होतं.

त्यानंतर जे मी म्हणालो ते आजही आठवलं की मी उगाच दुसऱ्या कामात हात घालतो.

“कंप्रेसर गेला,” मी म्हणालो.

गेलेला कंप्रेसर दाब वाढवू शकत नाही. तो गेला म्हणजे दाबायचंच काम गेलं. आयटीआयच्या पहिल्या वर्षाचं पोरगंही हे सांगेल. पण अडलेल्या मिस्त्रीला कंप्रेसर फार जवळचा असतो. सगळ्यात महाग पार्ट तोच, त्यामुळे गिऱ्हाईक पुढे प्रश्न विचारत नाही.

“नवा किती दिसात येईल?” सुदामने विचारलं.

“पुण्याहून मागवावा लागंल. तीन दिवस धरा.”

तो खिशातली चिल्लर चाचपत मागे वळला. मग समोरच्या एसटीडी बूथवर गेला. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती. तो फोनवर दोन-तीन वाक्यं बोलला आणि मान हलवून परत आला.

“साहेबांना सांगितलं, उद्या गाडी येत न्हाई म्हनून. दुसऱ्याची लावतो म्हनले.” एवढं बोलून त्याने गॅरेजच्या टपातलं पाणी बादलीत घेतलं. गाडी चालूच होती आणि तापली होती. “इंजन लई कढलंय,” तो म्हणाला आणि त्याने पुढच्या जाळीवर बादली रिकामी केली.

वाफ निघाली आणि टक्-टक् थांबली.

मी गेजकडे बघितलं. लाल पट्ट्यातला काटा सरसर खाली आला. आत हात घातला. हवा गार होती. मी दुसरी बादली मारली, काटा आणखी खाली आला. पाणी वाळलं, तसा तो हळूहळू पुन्हा चढायला लागला.

दोन बादल्यांनी जे सांगितलं ते मला दोन गेजं सांगत होती, मी ऐकत नव्हतो. गाडीच्या एसीत मोठी टाकी नसते. जास्तीचा गॅस पातळ होऊन कंडेन्सरमध्येच साचतो आणि उष्णता बाहेर टाकायला जागा उरत नाही. दाब चढत जातो. दाब फार चढला की नळ्या फुटू नयेत म्हणून एक स्विच कंप्रेसर बंद करतो. जरा उतरला की परत चालू. गॅस कमी असला तरी टक्-टक्, जास्त असला तरी टक्-टक्. सकाळी माझ्या फॅनने कंडेन्सरला वारा घातला म्हणून माझी चूक झाकली गेली होती. बॉनेटच्या आतल्या बाजूला एक मळकट स्टिकर होता. मी थुंकी लावून पुसला. त्यावर लिहिलं होतं, गॅस सातशे ग्रॅम. मी किती भरला होता ते मला माहीत नव्हतं, कारण मी मोजलाच नव्हता.

“सुदामराव, कंप्रेसर चांगला हाय,” मी म्हणालो. “गॅस जास्त झालाय. वरचं जास्त झालं.”

तो रागावला असता तर बरं झालं असतं.

“मंग मी फोन कशाला केला?” तो म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कंपनीचं ऑफिस सुटायला थोडा वेळ होता. त्याच्याकडून नंबर घेऊन मी बूथ गाठला.

“देसाई बोलतोय.”

“साहेब, मी शिरूरहून एसी मिस्त्री. सुदाम गायकवाडच्या गाडीचं…”

“कंप्रेसर गेलाय ना त्यांचा? त्यांनी कळवलंय.”

“तसं मी त्यांना सांगितलं होतं. कंप्रेसर चांगला आहे, साहेब.”

“मग बिघाड कशात आहे?”

बूथवाला माझ्याकडेच बघत होता. “माझ्यात आहे,” मी म्हणालो. “गॅस मी जास्त भरला, आणि दोष कंप्रेसरला दिला. गाडीत काही नाही. उद्या बाराला ती तुमच्या गेटवर उभी राहील.”

“बाराला मी दुसरी गाडी बोलावलीय,” ते म्हणाले. “तुमची दीडला आणा. आणि मिस्त्री, तुम्ही पण यायचं. मागे बसायचं, माझ्या शेजारी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीतला सगळा गॅस सोडून दिला. तेव्हा तसंच करायचे, आता करत नाहीत. पुन्हा व्हॅक्यूम मारला. माझ्याकडे वजनकाटा नव्हता. शेजारचा किराणा दुकानदार पोपटशेठ याच्याकडे आकड्यांचा नवा काटा होता. तो काटा द्यायला तयार झाला, पण स्वतःही बरोबर आला. सिलेंडर काट्यावर ठेवला आणि व्हॉल्व्ह उघडला. जेवढं वजन घटेल तेवढा गॅस गाडीत गेला, असा सरळ हिशेब. “सहाशे. साडेसहाशे. सातशे,” पोपटशेठ म्हणाला. माझा हात व्हॉल्व्हवर जरा रेंगाळला. सुदामने तो धरून बाजूला केला.

दीडला देसाई साहेब गाडीत बसले. मी त्यांच्या शेजारी. ते अधूनमधून हवेच्या जाळीपुढे हात धरायचे आणि घड्याळ बघायचे. मी नुसता कंप्रेसर ऐकत होतो. शिक्रापूरच्या चौकात कांद्याच्या ट्रकमागे आम्ही अडकलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाहेर डांबर पाघळत होतं. सुदाम आरशातून माझ्याकडे बघत होता आणि मी ट्रकच्या मागच्या फळीकडे. हवा गारच राहिली. तरी माझ्या कपाळावर घाम आला.

“मिस्त्री, गरम होतंय का?” साहेबांनी विचारलं.

“नाही साहेब. माझं मलाच होतंय.”

थोड्या वेळाने ते पुढे वाकून म्हणाले, “सुदाम, जरा कमी करा. कान दुखायला लागला.” सुदामने बटण फिरवलं. त्याच्या मानेवर ताणलेली शीर होती, ती हळूच सैल पडली.

चार दिवसांनी तो पेढे घेऊन आला. वर्षभराची ड्यूटी मिळाली होती. बाराला बोलावलेल्या दुसऱ्या गाडीच्या एसीने चौकातच मान टाकली म्हणे. त्याच्या खिशात कंपनीचं पत्र होतं. ते तो दाखवावं की नको असं करत होता. मी ओढूनच घेतलं. टाइप केलेल्या सगळ्या अटींच्या खाली पेनने एक ओळ लिहिली होती, ‘एसीचे काम पुण्यातील कंपनीमान्य गॅरेजमध्येच करून घ्यावे.’

“समद्याच गाड्यांना हाय ते,” सुदाम म्हणाला. “तुमच्यामुळं न्हाई.”

“व्हय,” मी म्हणालो. पेनची शाई समद्या गाड्यांना नसते हे दोघांनाही माहीत होतं. मी पेढा खाल्ला. चांगला होता.

पुढे मी वजनकाटा घेतला, गेज आधी लावायला लागलो, हे तर झालंच. पण कुणी धंद्यातली अक्कल विचारली तर मी वेगळं सांगतो. गिऱ्हाईक समोर असताना पक्कं कळेपर्यंत ‘कंप्रेसर गेला’ म्हणू नये. मला ते तोंडातून निघालेलं एक वाक्य होतं. सुदाम त्यावर रस्ता ओलांडून बूथवर गेला आणि वर्षभराचं काम सोडून आला. मिस्त्री बोलतो ते माणसं खरं मानतात. घरी माझं कुणी काही मानत नाही, त्यामुळे हे ध्यानात यायला मला इतकी वर्षं लागली.