ओठाची डावी बाजू

अत्तराच्या काउंटरवर उभी राहून बाईची उमेदीची वर्षं सरली. सगळे तिला अत्तरबाईच म्हणत. तोंडाचा पट्टा एकदा सुटला की गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायची सोय नव्हती. घरी मात्र तिचा आवाज ऐकणारं कुणी नव्हतं. नवरा बाइंडर, पुस्तकं बांधायचा. लहानपणच्या तापात त्याचे कान गेले होते आणि तो बायकोचे ओठ वाचायचा. अंधारात भांडता येत नाही म्हणून दोघं दिवा लावून भांडायची.

नव्या मॅनेजरने बाईला मागच्या खोलीत भेटवस्तूंना कागद गुंडाळायला बसवलं आणि काउंटरवर एक टवटवीत पोरगी उभी केली. बाई पेटली. फेसलिफ्ट करून चेहरा ताणून घ्यायचं ठरवून मोकळी झाली.

"अगं, मला पाठ आहे हा चेहरा," बाइंडर म्हणाला. "नको हात लावूस त्याला."

"तुम्हाला काय कळतंय बाजारातलं!" तिने त्याला उडवून लावलं.

ऑपरेशन झालं, टाके निघाले. कानामागचे व्रण लाल, कानाच्या पाळ्या बधिर, कंगवा लागला तरी कळेना. सूज, निळे डाग, हे सगळं तिला आधीच सांगितलेलं होतं. पण खालच्या ओठाची डावी बाजू हलेचना. नणंद भेटायला आली आणि म्हणाली, "वहिनी, गाल अगदी लग्नातले दिसतायत, पण तोंड कुणाशी भांडून आलंय?" बाई हसायला गेली. समोरच्या आरशात ते वाकडं हसू दिसलं आणि तिला रडूच फुटलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायला कुणी सांगितलं होतं?

बाइंडर ताकास तूर लागू देत नव्हता. ती काहीही बोलली की मान डोलवायचा. जन्मभर शब्दाशब्दाला वाद घालणारा माणूस एवढा गुणी कसा झाला? एका सकाळी तिने त्याच्यापुढे कप ठेवला. "अहो, चहात मीठ घातलंय. चालेल ना?"

"हो, छान," तो म्हणाला.

काउंटर गेला चुलीत, पण ह्याच्याशी बोलायचं कसं? लिहून दाखवता आलं असतं, पण लिहून कुणी कुरकुरतं का?

तपासणीला दोघं गेली. डॉक्टरांनी तिला दात दाखवायला लावले, गाल फुगवायला लावले. त्यांच्या तोंडावर मास्क होता, त्यामुळे बाइंडर नुसता बसून राहिला.

"नस दुखावलीय," डॉक्टर म्हणाले. "बहुतेकांची सुधारते. काही आठवडे, कधी महिनेही लागतात."

"आणि नाही सुधारली तर?"

"क्वचित थोडं राहून जातं. वाट बघू."

बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या बाइंडरने आपल्या सपाट, मोठ्या आवाजात विचारलं, "काय म्हणाले?" रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या.

"बरं होईल म्हणाले."

त्याने मान डोलावली. आता मात्र बाईला राहवेना. तिने त्याची हनुवटी धरून ती मान थांबवली, स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि नजरेनेच विचारलं, सांगा, काय म्हणाले मी?

त्याची नजर तिच्या ओठांवरून हळूहळू डोळ्यांकडे गेली.

"शब्द नाही कळले," तो म्हणाला. "बरेच दिवस कळत नाहीयेत. तुझं दुखतं, म्हणून पुन्हा बोलायला लावायचं जिवावर यायचं." मग आवाज खाली आणायची धडपड करत, तरी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "घाबरलीयेस, एवढं कळलं. मीही घाबरलोय गं."