मूळ संख्येला मूळ का म्हणतात

गणिताच्या मास्तरांनी मला फसवलं. "मूळ संख्येला मूळ का म्हणतात?" असं मी सातवीत विचारलं, तर "लई शहाणा झालास!" म्हणत त्यांनी कान पिळून वर्गाबाहेर काढलं. रागानं मी परत शाळेत गेलोच नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी वाटूर फाट्यावर मी मोसंबी विकत होतो. परतूरच्या गाडीसाठी थांबलेल्या एक बाई आल्या. सारखा मनगटानं चष्मा वर ढकलायच्या. मी उरलेल्या मोसंब्यांचे सारखे वाटे लावत होतो, पण दरवेळी एक उरायची.

त्या हसल्या. "तेरा हायेत, भाऊ. मूळ संख्या. कसे होतील सारखे वाटे?"

माझा हात थांबला. "मूळ कशामुळं हो, बाई?"

त्यांनी एक मोसंबी बाजूला सरकवली. "आता ह्या बारा. दोन, दोन आणि तीन गुणले की बारा बनतात. पण दोन, तीन, तेरा ह्या त्यांच्याहून लहान संख्या गुणून बनत न्हाईत. उलट बाकीच्या संख्या त्यांच्यापासून बनतात, म्हणून त्या मूळ. इंग्रजीत प्राइम म्हणतात, तो शब्द लॅटिनमधला. अर्थ पहिला. आजवर कुणाला विचारलं न्हाई का?"

विचारलं होतं की, सातवीतच! एवढंच होतं? मास्तरांना येत नव्हतं, तर तसं सांगायचं! माझ्या बुडालेल्या शाळेचा जाब त्यांनी द्यावा, नाहीतर त्यांना मास्तर नेमणाऱ्यांनी द्यावा.